पत्र्याला कणीक

२०२३ च्या जुलैतली दुपार. हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन घडवून पाहुण्यांना घेऊन वेळणेश्वरला परत येत होतो. पाऊस असा की वायपर पुरे पडत नव्हते. मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "दादा, इथे पायाशी ओलं लागतंय हो." मला वाटलं, खिडकीची काच नीट बसली नसेल. घरी येऊन मॅट उचलली तर खाली तांबडं पाणी. वरून गळलेलं पावसाचं पाणी असं तांबडं नसतं. हे खालून आलं होतं, चाकाने उडवलेलं, रस्त्यावरच्या जांभ्याची माती घेऊन.

गाडीच्या आत, मागच्या चाकाच्या वर पत्र्याचा एक घुमट असतो. डाव्या घुमटावरून बोट फिरवलं आणि बोटाला धार लागली. टॉर्च मारली. केसासारखी बारीक रेघ, बोटभर लांब, दोन्ही कडांना गंजाची तपकिरी झालर. रेघेचं एक टोक बोल्टच्या भोकात होतं. ते भोक मीच पाडून घेतलं होतं.

आमची गाडी म्हणजे आठ जण बसतील अशी साधी व्हॅन. वेळणेश्वरच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर, माडांच्या बागेत आमचं घर. त्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. सुट्ट्यांत ही गाडी पाहुण्यांना हेदवी, गुहागर, तवसाळच्या फेरीबोटीपर्यंत फिरवते. महाशिवरात्रीच्या जत्रेला वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना देवळात आणते. आणि गणपतीत ती भजनी मंडळाची होते. टाळ, पेटी, दोन पखवाज आणि दाटीवाटीने बसलेली आठ माणसं घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरोघरी फिरते.

मी पखवाज वाजवतो. वडिलांकडून शिकलो, आता वाडीतली चार मुलं माझ्याकडे शिकतात. पखवाज ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजवी पुडी शाईची, तिचा स्वर चढा आणि टणक. डावी धुमेची. बसण्याआधी तिच्यावर ओली कणीक थापतात. कणकेने पुडी जड होते, स्वर खाली उतरतो आणि घुमायला लागतो. भजनाचा सगळा भार त्या डाव्या हातावर असतो. आता मुलं शिकतात ती निम्मी माझ्याकडून आणि निम्मी जुन्या बुवांच्या ध्वनिमुद्रणांवरून, तीही बरीचशी गाडीत, जाता-येता. गाडीच्या दरवाजातल्या छोट्या स्पीकरातून 'ता' ऐकू येई, 'किट' ऐकू येई. 'गदिगन'मधला 'ग' मात्र नाहीच. मोबाइलवर तर त्याचं नावही नको. एक मुलगा वर्षभर डावा हात नुसता ठेवून द्यायचा, कारण त्याने ऐकलेल्या पखवाजाला डावा हातच नव्हता. त्याला मी रागावलो होतो. नंतर माझ्याच लक्षात आलं, की चूक त्याच्या कानाची नव्हती.

म्हणून २०२२ च्या मे महिन्यात मी गाडीत वूफर बसवून घेतला. बारा इंची, प्लायवूडच्या खोक्यातला, सोबत अँप्लिफायर. वळणावर खोका घसरू नये म्हणून बसवणाऱ्याने त्याला लोखंडी कोन लावले, दोन बोल्ट फरशीला मारले आणि दोन चाकावरच्या घुमटाला. ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या कडा तशाच उघड्या राहिल्या, त्यांना रंगाचं बोटही लागलं नाही. मी शेजारीच उभा होतो. खोका घट्ट बसला याचा मला आनंदच झाला होता. त्या दिवशी चिपळूणहून येताना पहिल्यांदा गाडीत धुम ऐकली, आणि मी गाडी कडेला घेऊन ते भजन पूर्ण ऐकलं. तो आनंद खोटा नव्हता, तो मी आजही नाकारणार नाही.

त्या गणपतीत मुलांचे डावे हात सुटले. एवढंच की आवाज हळूहळू वाढत गेला. खालच्या आवाजाला माणूस लवकर सरावतो; काल जो पुरेसा वाटला तो आज कमी वाटतो. गाडी अंगणात शिरली की फडताळातली भांडी किणकिणायची. बायकोने दोनदा सांगितलं. मी "हो" म्हटलं आणि सोडून दिलं. पुढे डाव्या बाजूने एक बारीक किरकिर यायला लागली. स्क्रू सैल झाला असेल म्हणून मी बोल्ट आणखी आवळले. आज कळतं, ती किरकिर फाटलेल्या पत्र्याच्या दोन कडा एकमेकींवर घासल्याची असणार.

पहिली दुरुस्ती भर पावसात, घाईत झाली. ज्याच्याकडे गेलो तो माणूस हुशार होता, अपघातात चेपलेल्या गाड्या त्याने माझ्यासमोर सरळ केल्या आहेत. त्याने तडा गॅस वेल्डिंगने भरला, वरून घासला, लांबी म्हणजे पुट्टी लावली, रंग मारला. १,८०० रुपये. दिसायला काम इतकं नेटकं होतं की तडा कुठे होता हे मलाही सांगता आलं नसतं. गणपती पार पडले. दिवाळीच्या सुमारास लांबीवर पुन्हा रेघ उमटली, आणि ती जुन्या जागी नव्हती. वेल्डिंगच्या कडेने, तिला समांतर, बोटाच्या रुंदीएवढं अंतर सोडून ती गेली होती. शिवाय घुमटावर तळहात दाबला की पत्रा 'टॉक' करून आत जायचा आणि सोडला की 'टॉक' करून बाहेर यायचा. आधी असं होत नव्हतं.

मग मला कोणीतरी शृंगारतळीच्या अलीकडे पत्र्याची शेड असलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी मुंबईत कुर्ल्याच्या गॅरेजात काम शिकलेले, नंतर बरीच वर्षं कुवेतला बसच्या बॉडीवर. मी दरवाजा उघडून तडा दाखवायला लागलो, तर म्हणाले, "बुवा, तडा मला दिसतोय. आधी वाजवून दाखवा."

मी भजन लावलं. चाचा आत जाऊन मागे मांडी घालून बसले, एक तळहात घुमटावर, दुसरा बाजूच्या पत्र्यावर, डोळे मिटून. नाडी बघावी तसे. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "हा पत्रा नाचतोय. हा मार लागलेला पत्रा नाही. मार लागलेला पत्रा सरळ केला की काम संपतं. नाचणाऱ्याचा नाच नाही थांबवला तर मी कितीही चांगला टाका मारू दे, तो बाजूला फाटणार."

त्यांचा पहिला सल्ला वूफर काढून टाकण्याचाच होता. मी विचार करायला आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांत माझा भाचा आला होता. तो वेळणेश्वरच्याच महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकला आहे. त्याने मोबाइलवर एकाच कंपनाचा सलग स्वर काढणारं ॲप घेतलं, ते गाडीला जोडलं आणि सेकंदाला पंचवीस कंपनांपासून हळूहळू वर जायला लागला. मी चाचांसारखा घुमटावर हात ठेवून बसलो. तीस, पस्तीस, काही विशेष नाही. चाळीसच्या पुढे हाताला मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं आणि त्रेचाळीसला पत्रा अक्षरशः जिवंत झाला. आवाज तेवढाच, पण हात उडत होता. पन्नासला पुन्हा शांत. "मामा, या पत्र्याचा हा स्वतःचा स्वर आहे," भाचा म्हणाला. मला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येक पुडीला तिचा स्वर असतो आणि त्या स्वरात हाक मारली की ती न वाजवता ओ देते, हे मी लहानपणापासून पाहत आलोय.

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. सेकंदाला ४३ वेळा, म्हणजे तासाला १,५४,८००. साधारण ६५ तास तो स्वर वाजला की पत्रा एक कोटी वेळा वाकून सरळ होतो. गाण्यात सतत तोच स्वर नसतो हे खरं, पण चौदा महिने मी गाडी रोज वाजवत होतो. आणि दाब? गाडीच्या बंद पोकळीत १२० डेसिबलचा खालचा आवाज प्रत्येक चौरस मीटरवर साधारण दोन किलो वजनाइतका जोर लावतो, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. दोन किलोंनी पत्रा फाटत नाही. पण तार हातात धरून इकडेतिकडे वाकवत राहिलं की ती तुटते, त्याला ताकद लागत नाही, वेळ लागतो. धातूच्या या थकण्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने केला. रेल्वेचे जाडजूड आस, ज्यांना एका वेळी काहीच होत नसे, ते फिरून फिरून का तुटतात हे त्याला शोधायचं होतं. त्याला असंही आढळलं, की पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळपास कितीही वेळा वाकवलं तरी तुटत नाही. हे ऐकून मला धीर आला. वूफर न काढता तो ताणच मर्यादेखाली आणता येईल, असं वाटलं.

मग भाच्याने समुद्रावरून मूठभर कोरडी वाळू आणली आणि गाडीच्या टपावर पसरली. अठराव्या शतकात अर्न्स्ट क्लाडनीने धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला होता आणि वाळूच्या नक्ष्या काढल्या होत्या. आमचा गज म्हणजे वूफर. स्वर बदलत गेला तशी टपाच्या मधली वाळू उकळत्या पाण्यासारखी उडायला लागली आणि सरकत सरकत, जिथे टपाखाली आडवे बत्ते आहेत तिथे रांगेत जाऊन बसली. शेजारची मुलं बघायला जमली. मला मात्र त्या रांगा बघून वेगळंच काही दिसत होतं.

पखवाजाची पुडी मध्ये क्वचितच फाटते. मध्ये तर थाप पडते, ती जागा सगळ्यात जास्त हलते. फाटते ती बहुधा कडेला, गजऱ्यालगत, जिथे हलणारं कातडं न हलणाऱ्या काठाला धरलेलं असतं. माझा तडाही तसाच होता. घुमटाच्या मध्ये नव्हता. जिथे बोल्टने पत्र्याला खोक्याशी जखडलं होतं तिथून निघाला होता. दुसरा तडाही तसाच, वेल्डिंगच्या जाड, ताठ वळीच्या कडेने. पहिल्या दुरुस्तीत आम्ही फाटलेल्या पुडीला आणखी एक ताठ काठ शिवून दिला होता. तीस वर्षं पखवाज लावणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

रस्त्याचा दोष नाही का? आहेच. वेळणेश्वरहून सड्यावर चढणारी वळणं आणि पावसाळ्यातले खड्डे यांनी गाडीची हाडं खिळखिळी होतात. पण उजव्या बाजूचा घुमट त्याच रस्त्यावर तेवढाच फिरला होता. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. त्याला बोल्ट नव्हते.

डिसेंबरात दुरुस्ती काढली. चाचा म्हणाले, हवा कोरडी हवी, नाहीतर रंगाखाली ओल राहते. दोन दिवस मी त्यांच्याबरोबर शेडमध्ये होतो, जमेल ती मदत केली.

सीट, खोका, मॅट, आतलं अस्तर सगळं बाहेर. बॅटरीच्या तारा सोडल्या, वेल्डिंगचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरू नये म्हणून. पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते खाली झोपून बघितलं, त्या बाजूला ओली गोणपाटं लावली, पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. घुमटाच्या मागच्या बाजूला काय आहे हे बघितल्याशिवाय चाचा ठिणगी पाडत नाहीत. मुंबईत एका गाडीचं अस्तर आतून पेटलेलं त्यांनी पाहिलं होतं.

मग लांबी खरवडली. तडा किती लांब हे ठरवायचं होतं, आणि मला वाटत होतं की ते दिसतंच आहे. चाचांनी रॉकेलची छोटी बाटली काढली, बोळ्याने तड्यावर आणि त्याच्या पुढेही रॉकेल लावलं, दहा मिनिटं थांबले, फडक्याने कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड हलकी फासली. मागून हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. पांढऱ्या खडूत रॉकेलची काळपट रेघ उमटत गेली आणि मला दिसत होतं त्याच्याही पुढे दोन बोटं जाऊन थांबली. रेल्वेच्या जुन्या कारखान्यांत आस तपासायला हीच रीत वापरत, तेल आणि खडू. पहिल्या दुरुस्तीत ही दोन बोटं लांबीखाली तशीच राहून गेली होती. तडा तिथे जिवंतच होता.

रेघ संपली तिच्याही किंचित पुढे पंच ठोकून तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. तडा मोठा करायचा की काय, असं मला वाटलं. पण तड्याचं टोक सुईच्या अग्रासारखं असतं, सगळा ताण त्या अग्रावर गोळा होतो आणि म्हणून ते पुढे सरकतं. तिथे गोल भोक पडलं की अग्रच उरत नाही, ताण भोकाच्या काठावर वाटला जातो. भोकाच्या कडेची कुसं चाचांनी मोठा ड्रिल हातानेच फिरवून काढली. "ही कुसं ठेवली तर नवीन तडा इथूनच," ते म्हणाले. माझी बोल्टची भोकं आठवली. ती कुसांसकट मोकळी सोडलेली होती.

एवढ्याने तडा थांबला, पण जुन्या वेल्डिंगची ताठ वळी आणि तिच्या उष्णतेने ताणला गेलेला, टॉकटॉक करणारा पत्रा शिल्लक होता. तो भाग कापूनच काढायचा ठरला. चाचांनी मोजून पाहिलं. चांगल्या जागी पत्रा ०.८ मिलिमीटर, गंजलेल्या जागी जेमतेम अर्धा. मी खडूने चौकोन आखून दिला, त्यांनी तो पुसला आणि चारही कोपरे गोल करून पुन्हा आखला. घरी आल्यावर भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने कॉमेट विमानाची हकिगत सांगितली. १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर दोन कॉमेट विमानं हवेतच फुटली. मग एका विमानाचा सबंध सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून बघितला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्याजवळून पत्रा फाटला. चाचांनी कॉमेटचं नाव ऐकलेलं नाही. कोपरा ठेवला की तिथे फाटतं, हे त्यांना बसच्या खिडक्यांनी शिकवलं होतं.

ठिगळ त्याच जाडीच्या नव्या पत्र्याचं. मी जाड पत्रा सुचवला होता, मजबूत होईल म्हणून. "जाड लावला तर तो हलणार नाही, आणि बाजूचा पातळ त्याच्या काठाला फाटेल," चाचा म्हणाले. पुन्हा गजराच.

वेल्डिंग सीओटूचं, बारीक तारेचं. मागून तांब्याची पट्टी टेकवून मी धरायची, म्हणजे उष्णता तांबं खातं आणि पत्र्याला भोक पडत नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा कोपऱ्यात. मधे पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, पाणी मारायचं नाही. सलग ओढत नेलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं; आम्हाला सबंध दुपार लागली. प्रत्येक टाका थोडा थंड झाला की मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हलके ठोके, आकसलेला पत्रा पुन्हा सैल करण्यासाठी. शेवटी ग्राइंडरची चकती फिरली तीही फक्त टाक्यांच्या उंचवट्यावर. शेजारचा पत्रा घासला गेला की तिथे तो पातळ, आणि पातळ तिथे पुढचा तडा. संध्याकाळी चाचांनी घुमटावर बोटाने टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं. टॉक नव्हतं.

दुसरा दिवस मिठाचा. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्रावरून येणारं तेच मीठ गाडीच्या प्रत्येक सांध्यात बसलेलं असतं आणि पाऊस नसला तरी रात्री ओलं होतं. व्होलरच्या ज्या मर्यादेने मला धीर दिला होता, ती कोरड्या हवेतली. खाऱ्या ओलीत पोलादाला तशी सुरक्षित मर्यादा उरत नाही. गंज तड्याला पुढे सरकायला मदत करतो. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा पुढचा मोठा भाग उडत असतानाच उखडून गेला आणि एक हवाई सेविका त्यात गेली. ते विमान बेटाबेटांमध्ये छोट्या फेऱ्या करत खाऱ्या हवेत जवळपास नव्वद हजार वेळा उडालं होतं. गंज आणि थकवा, दोघांनी मिळून रिव्हेटच्या भोकांपाशी तडे पाडले होते. माझी व्हॅन कुठे आणि विमान कुठे, पण हे वाचून मी उठून गाडीची चारही भोकं पुन्हा बघून आलो.

घुमटाच्या दोन्ही बाजू वायरब्रशने उजळ होईपर्यंत घासल्या, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, सांध्यात सीलर भरला. बोल्टची जुनी भोकं गोल ठिगळांनी बुजवली. पत्र्यांच्या पोकळीत मेणाचं द्रावण फवारलं. गाडीच्या तळाला पाणी निथळायला जी छोटी भोकं असतात ती मातीने बंद झाली होती, ती मी तारेने मोकळी केली. हे काम कुणालाही करता येईल आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने पावसाळ्याआधी करावं, असं मला मनापासून वाटतं.

राहिला नाच. भाच्याने चिकट रबराच्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असलेल्या जाड पट्ट्या मागवल्या होत्या. मी सगळा घुमट मढवायला निघालो तर तो म्हणाला, "मामा, मध्यावर लावा, तिसरा हिस्सा झाकला तरी पुरे." पट्टी हेअर ड्रायरने कोमट करून, रोलरने दाबून बसवताना माझ्या हाताला ते काम ओळखीचं वाटलं. मऊ, जड, किंचित चिकट, मध्यावर थापायचं आणि कडा बोटाने पातळ करत न्यायच्या. मी पत्र्याला कणीक लावत होतो. फरक एवढाच की कणीक पुडीचा स्वर खाली नेऊन तिला घुमू देते. हे रबर स्वर खाली नेतं आणि घुमणं स्वतःत जिरवून टाकतं, त्याची किंचित उष्णता होते. उजव्या घुमटालाही लावलं, टपाच्या मध्यालाही.

वूफरचं मी काय केलं? काढला नाही. बारा इंचीच्या जागी आठ इंची घेतला. खोका आता पत्र्याला कुठेही बोल्टने जखडलेला नाही. फरशीखालच्या आडव्या तुळईच्या वर, रबराच्या पायांवर तो उभा आहे, आणि सीटच्या मूळच्या बोल्टला अडकवलेल्या पट्ट्याने बांधलेला आहे. अँप्लिफायरवर भाच्याने पन्नासच्या खालचं सगळं कापून टाकलं. आमच्या पखवाजाच्या धुमेचा स्वर त्याच्या बराच वर आहे, त्यामुळे भजनातलं काहीच गेलं नाही. गेलं ते ज्याने पत्रा फाडला होता तेच. आवाजाच्या बटणावर मी रंगाचा ठिपका लावलाय, त्यापुढे जायचं नाही. सगळं मिळून चाचांचे ५,५०० झाले. पट्ट्यांचे पैसे भाच्याने घेतले नाहीत.

२०२४ च्या गणपतीआधी, ऑगस्टच्या अखेरीस, चाचांनी सांगितल्याप्रमाणे मी स्वतः तपासणी केली. दोन्ही घुमटांवर रॉकेल, दहा मिनिटं, कोरडं फडकं, खडू. मुलं पखवाज घेऊन ओटीवर बसली होती, तीही उठून आली. बाहेर पाऊस, गाडीत टॉर्चचा उजेड, आणि आम्ही पाच जण एका पांढऱ्या डागाकडे बघत होतो. बराच वेळ. ठिगळाच्या कडेने, भोकाच्या जागी, कुठेही खडू काळवंडला नाही. मी पेन्सिलीने तारीख लिहिली.

चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री पालशेतच्या बाजूला भजनाला निघालो होतो. ज्याचा डावा हात मुका होता तो मुलगा आता मागे, घुमटाला टेकून बसतो. आदल्या घरी वाजवून उठलेला, हाताला कणीक तशीच. मी जुन्या बुवांचं भजन लावलं. उतारावर 'गदिगन' आलं तसा त्याचा डावा हात मांडीवर पडला, 'ग' बरोबर जागेवर. मग त्याने तोच हात घुमटावर ठेवला, थोडा वेळ तसाच धरला.

"काका," तो म्हणाला, "इथे हाताला काहीच लागत नाही."

पट्टीवर त्याच्या पाच बोटांचे कणकेचे ठसे उमटले होते. सकाळी गाडी धुताना ते मी तसेच राहू दिले.